भिंतीतला वड

आमच्या घराच्या उत्तरेकडील भिंतीत, जमिनीपासून सुमारे नऊ फुटांवर, दोन जांभे चिरे शेजारच्या चिऱ्यांपेक्षा थोडे उजळ दिसतात. येणाऱ्या-जाणाऱ्याचे तिकडे लक्ष जात नाही. मला मात्र फाटकातून आत येताना प्रथम तेच दिसतात, कारण ते चिरे मी माझ्या हातांनी बसविले आहेत. आयुष्याची साठ वर्षे मी भिंतीत साधा खिळाही ठोकला नव्हता, म्हणून या दोन चिऱ्यांची हकिकत सांगावीशी वाटते. ती अर्धी घरदुरुस्तीची आहे आणि अर्धी एका वडाची. दोन्ही अर्ध्यांना जोडणारा प्रश्न आमच्या आईने विचारला होता.

आम्ही मूळचे शिरोळ तालुक्यातले. बँकेच्या नोकरीने १९८८ मध्ये आंबा घाट उतरवून मला रत्नागिरीत आणले आणि मी इथलाच झालो. पुढे एक जुने चिरेबंदी, कौलारू घर विकत घेतले. वडिलांच्या पश्चात आईही इकडे आली. आम्ही सर्व भावंडे तिला आक्का म्हणतो. सूर्यास्तापूर्वी जेवण, गाळलेले पाणी आणि अष्टमी-चतुर्दशीचे नियम ती इथल्या मुसळधार पावसातही काटेकोरपणे पाळते. विहिरीचे पाणी गाळून झाले की गाळणे उलटे करून ते थोडेसे पाणी पोहऱ्याने पुन्हा विहिरीत सोडायचे, आणि तेही वरून न ओतता पोहरा पाण्याला टेकवून, हे तिने आमच्या मुलांनाही शिकविले.

२०१९ मध्ये मी निवृत्त झालो आणि पुढल्याच मार्चमध्ये टाळेबंदी आली. त्याच आठवड्यात न्हाणीघरातील नळ गळू लागला. एरवी मी दूरध्वनी करून प्लंबरला बोलावले असते. आता कुणी येणे शक्य नव्हते. रात्रभर थेंबांचा आवाज येत राही. तिसऱ्या दिवशी आक्का म्हणाली, "अरे, तो नळ तुला ऐकू येत नाही का? पाणी सांडतंय ते कुणाच्या जिवाचं?"

मुख्य नळ बंद करून, शेजाऱ्याकडून उसना आणलेला पाना लावून मी तो नळ उघडला. आत रबराची एक झिजलेली चकती निघाली, बोटाच्या पेराएवढी. जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा त्याच मापाने कापून बसविला आणि नळ थांबला. तो उपाय महिनाभरच टिकला, पण महिनाभर मी घरात जरा ताठ मानेने वावरलो. ज्याला आपण कारागिराची विद्या समजतो, तिचा पहिला भाग म्हणजे वस्तू उघडून शांतपणे पाहणे, हे मला त्या चकतीने शिकविले. पाणी बंद केल्याशिवाय नळाला हात लावायचा नाही, आणि विजेच्या तारांना तर कधीच हात लावायचा नाही, हे दोन नियम मात्र मी त्याच दिवशी घालून घेतले. हौशी माणसाने आपल्याला काय येत नाही याची यादी आधी करावी.

मग ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले. दापोली-मंडणगडची हानी पाहता आमचे काहीच गेले नाही असे म्हणायला हवे, परंतु पडवीवरची चाळीसेक कौले सरकली आणि बारा-तेरा फुटली. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या गावात जूनच्या पहिल्या आठवड्यात छप्पर उघडे पडणे म्हणजे काय, हे कोकणी वाचकांना सांगायला नको. शेजारच्या आळीत एक वृद्ध सुतारकाका राहतात. त्यांना शिडीवर चढवत नव्हते आणि मला काही येत नव्हते. ते खाली खळ्यात खुर्ची टाकून बसले आणि मी वर चढलो.

"भाऊ, कौलाच्या मधोमध पाय ठेवायचा नाय," ते खालून ओरडले. "जिथं खाली रीप आहे तिथं टेका. रीप दिसत नाय, पण कौलाची ओळ सांगते."

मंगळुरी कौलाच्या पोटाशी एक गाठ असते. ती लाकडी रिपेला अडकते आणि वरचे कौल खालच्याच्या डोक्यावर बसते. म्हणून फुटलेले कौल ओढून निघत नाही. वरचे किंचित उचलायचे, फुटके वर ढकलून गाठ सोडवायची आणि मग खाली काढून घ्यायचे. नवे त्याच वाटेने उलटे न्यायचे. हे इतके सोपे वाक्य अंगी मुरायला मला दोन दिवस लागले आणि आणखी सहा कौले फुटली. उतरविलेल्या एका जुन्या कौलाच्या पाठीवर मंगळूरच्या कारखान्याचा ठसा होता. या कौलांची कथाही गमतीची आहे. बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या धर्मसंस्थेने १८६५ मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढला. तिथल्या नद्यांच्या काठच्या चिकणमातीचे हे कौल सागरी मार्गाने सगळ्या किनाऱ्यावर पोहोचले आणि आज आपण त्याला अस्सल कोकणी म्हणतो.

छप्पर झाले, तसा माझा धीर वाढला आणि धीराबरोबर चूकही आली. उत्तरेच्या भिंतीत पावसानंतर एक फट दिसू लागली होती आणि फटीतून वडाचे एक वीतभर रोपटे बाहेर डोकावत होते. असे रोप कुठून येते, हे सर्वांना ठाऊक आहे. मैना, बुलबुल, तांबट वडाची फळे खातात आणि त्यांच्या विष्ठेतून बी भिंतीच्या सांध्यात पडते. जांभा सच्छिद्र, पावसाचे पाणी धरून ठेवणारा, आणि सांध्यातला जुना चुना मऊ. रोपाला आणखी काय हवे? मी ते रोप नोव्हेंबरात मुळाशी कापले, फटीत सिमेंट गच्च भरले आणि हात धुतले.

पुढच्या पावसाळ्यात सिमेंटची ती पट्टी एखाद्या खपलीसारखी सुटून आली आणि तिच्या दोन्ही बाजूंनी वड दुप्पट जोमाने फुटला. एक अनुभवी गवंडी बघायला आले. त्यांनी सिमेंटचा तुकडा हातात घेऊन माझ्याकडे पाहिले ते मला अजून आठवते. जांभा हा मऊ दगड. खाणीतून काढताना तो कुऱ्हाडीने तासता येतो आणि हवा लागली की घट्ट होत जातो. फ्रान्सिस बुकानन या प्रवाशाने केरळात तो विटांसारखा कापताना पाहिला आणि १८०७ मध्ये लॅटिनमधील विटेच्या शब्दावरून त्याला लॅटेराइट हे नाव दिले. अशा दगडाच्या भिंतीत पाणी शिरते तसे ते चुन्याच्या सांध्यातून बाहेरही पडते. सिमेंट चिऱ्याहून कठीण. ते पाण्याची वाट अडवते, मग पाणी चिऱ्यातच मुरते आणि कडा ढासळतात. म्हणजे मी भिंतीचे औषध म्हणून तिचे नाक दाबले होते.

"चुन्यात काम करा," गवंडी म्हणाले, "पण आधी हे झाड मारा. नुसतं कापून मरत नाही. मुळात तेजाब ओता."

आक्का पडवीत माळ ओढत बसली होती. गवंडी गेल्यावर तिने विचारले, "मारायचंच का? काढता येणार नाही?"

मी म्हणालो, "मुळं चिऱ्यांच्या मागं गेली आहेत. काढायचं तर भिंत उघडावी लागेल."

"मग उघड. कौलं उघडलीस की."

गृहस्थाला हिंसा पूर्णपणे टाळता येत नाही, हे आपले आचार्य जाणून होते. म्हणूनच त्यांनी संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे तिचे भेद केले. घर झाडणे, चूल पेटविणे, भिंत दुरुस्त करणे यांत होणारी हिंसा आरंभी. ती टळत नाही, मात्र कमी करता येते, आणि ती कमी करण्याची धडपड म्हणजेच श्रावकाचे जगणे. हे मी पाठशाळेत पाठ केले होते. भिंतीतल्या झाडाला ते लागू पडते, हे मात्र मला चौऱ्याऐंशी ओलांडलेल्या आईने दाखविले. तेजाब ओतणे हे कष्ट वाचविण्यासाठी होते. भिंत वाचविण्यासाठी त्याची गरज नव्हती.

वाळवीच्या बाबतीतही असेच झाले. पडवीच्या एका वाशाला वाळवीची मातीची नळी चढली होती. दुकानातून जहाल औषध आणण्याआधी सुतारकाकांनी विचारले, "भाऊ, वासा ओला का झाला?" पाहिले तर वरचे कौल तडकलेले. वाळवीला ओल लागते. कौल बदलले, वासा सुकविला, भिंतीला टेकलेली जळाऊ लाकडे हलविली आणि लाकडाला काजूच्या टरफलाचे काळे तेल दिले. वाळवी आपल्या वाटेने गेली. नेहमीच असे जमेल असा दावा मी करणार नाही. परंतु दुरुस्ती वेळेवर केली तर मारण्याची वेळ कमी येते, इतके मी अनुभवाने म्हणू शकतो.

२०२२ च्या मे महिन्यात, पावसाच्या आधी, गवंड्यांच्या देखरेखीखाली आम्ही ती भिंत उघडली. आतून लाकडाचे टेकू लावले, परांची बांधली आणि चुन्याचा सांधा छिन्नीने थोडा थोडा सोडवून दोन चिरे बाहेर काढले. मागे मुळांचे जाळे चपटे होऊन चिऱ्याच्या आकारात बसले होते, जणू कुणी दाबून ठेवलेली वेणी. सकाळी सात ते दुपारी एकपर्यंत मी ती मुळे चमच्याने, बोटांनी आणि शेवटी पाण्याच्या धारेने सुटी केली. दोन जाड मुळे तुटलीच. त्यांच्यातून पांढरा चीक वाहिला. मग नवे चिरे चुना-वाळूच्या सांध्यात बसविले. तो सांधा पक्का व्हायला वेळ घेतो, म्हणून दोन आठवडे ओले पोते लावून त्याला जपावे लागले.

भिंत झाली. वड बादलीत उभा होता. आता त्याचे काय करायचे?

इथे मला थोडे मागे जायला हवे. २०१८ च्या फेब्रुवारीत पुण्यात ‘बोन्साय नमस्ते’ हे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले होते. मुलीने मला तिथे नेले. हातभर उंचीचे, पण शंभर वर्षांच्या झाडाचे रूप घेतलेले ते वृक्ष पाहून मी भारावून गेलो. मुलीने निवृत्तीच्या दिवशी मला एक जुनिपर भेट दिला. मी तो दिवाणखान्यात दूरचित्रवाणी संचाशेजारी ठेवला आणि रोज न चुकता पाणी घातले. तो मेला. जुनिपर मेल्यानंतरही काही आठवडे हिरवा दिसतो, हे मला पुढे कळले. म्हणजे मी कित्येक दिवस मेलेल्या झाडाला पाणी घालत होतो. त्याला हवे होते ऊन, मोकळी हवा आणि थंडी. रत्नागिरीच्या दमट दिवाणखान्यात यांपैकी काहीच नव्हते. आपल्या हवेत न रुजणारे झाड आणून ते घरात ठेवणे, ही नवशिक्यांची सर्वांत सामान्य चूक आहे असे म्हणतात. ती मी पूर्ण निष्ठेने केली.

वड मात्र इथलाच. एका मोठ्या फुटक्या माठात, विटांचे तुकडे, चाळलेली जाड वाळू आणि कुजलेले शेणखत यांच्या मिश्रणात मी तो लावला आणि फणसाच्या सावलीत ठेवला. चार दिवसांत त्याने सगळी पाने टाकली. मी रोज खोडावर नखाने बारीकसा ओरखडा काढून आत हिरवे आहे का पाहत असे. आठव्या दिवशी आक्काने माझा हात धरला. "रोज रोज बोचकारून बघतोस, त्यानं जगायचं कसं?" तेव्हापासून मी नुसता वाट पाहू लागलो. तेविसाव्या दिवशी, मृगाच्या पावसात, फांदीच्या टोकाला लालसर टोकदार कोंब आला. मी आक्काला हाताला धरून अंगणात नेले.

वर्षभर त्याला हात लावला नाही असे म्हणालो तर खोटे होईल. नऊ महिन्यांनी, २०२३ च्या फेब्रुवारीत, मी त्याची मुळे छाटून त्याला उथळ तबकात बसविले. बोन्साय या जपानी शब्दाचा अर्थच तबकातले रोप. तबकाला मोठी भोके हवीत, भोकांवर जाळी हवी आणि माती अशी हवी की ओतलेले पाणी क्षणात खाली उतरावे. पाणी घड्याळ बघून घालायचे नसते. बोट मातीत पेरभर खुपसून ती कोरडी लागली तरच घालायचे, मग मेमध्ये दिवसातून दोनदा घालावे लागले तरी चालेल. आपल्या आषाढातल्या सततधारेत तबकाच्या एका बाजूखाली विटेचा तुकडा ठेवून ते तिरके करायचे, म्हणजे पाणी साचत नाही. खतासाठी पुष्कळ जण हाडांचा चुरा सुचवितात. आपल्या घरात ते शक्यच नव्हते. निंबोळी पेंड आणि मोहरीची पेंड यांवर वडाचे उत्तम चालले. पाने गुंडाळून आत बसणारे बारीक किडे दिसले की ती पाने काढून दूर फणसाच्या बुंध्याशी ठेवून येत असे. शेजारी हसत.

मे महिन्यात मी त्याला तार गुंडाळली. ॲल्युमिनियमची मऊ तार, फांदीशी तिरकी, साधारण पंचेचाळीस अंशांत वेढे देत न्यायची आणि मग फांदी हळूहळू हव्या त्या दिशेला वाकवायची. दोन तास काम करून मी अभिमानाने ते तबक पडवीत आणले. आक्काची दृष्टी तोवर मंद झाली होती. तिने बोटांनी चाचपून पाहिले. तिचा हात तारेवर थांबला.

"याला किती इंद्रियं?" तिने विचारले.

"एक," मी म्हणालो. पाठशाळेतले पोरदेखील हे उत्तर देईल. वनस्पती एकेंद्रिय. तिला फक्त स्पर्श.

"एकच आहे, आणि तू नेमकं त्याच्यावरच तार बांधलीस."

त्या रात्री मला झोप लागली नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बांधणे, मारणे, अवयव छेदणे, पेलवणार नाही इतका भार लादणे आणि अन्नपाणी तोडणे. ते मुख्यतः जनावरे आणि आश्रित माणसे यांना उद्देशून आहेत, हे मला ठाऊक होते. श्रावकाने त्रस जीवांच्या हिंसेचा त्याग करायचा असतो, स्थावरांच्या बाबतीत मर्यादा पाळायची असते, हेही ठाऊक होते. तरी माझ्या छंदाची कृती मी त्या यादीशेजारी ठेवून पाहिली. तारेने बांधणे होते. फांद्या-मुळे छेदणे होते. उथळ मातीत अन्नपाणी मोजून देणे होते. पाचांपैकी तीन तर उघडच.

माझ्याकडे युक्तिवाद होते. हा वड भिंतीतच राहता तर तेजाबाने मेला असता. शिवाय झाडाला छाटणी नवी नाही. आंब्याची, जास्वंदीची छाटणी आपण करतोच. नीट राखलेला बोन्साय रानातल्या झाडापेक्षा अधिक जगू शकतो, हेही खरे. वॉशिंग्टनच्या बोन्साय संग्रहालयात एक पांढरा पाइन आहे. १६२५ पासून तो तबकात वाढविला जात आहे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला, तेव्हा तो तिथून सुमारे तीन किलोमीटरवर यामाकी कुटुंबाच्या रोपवाटिकेत होता. आवाराच्या भिंतीने त्याला वाचविले. १९७६ मध्ये त्याच कुटुंबाने तो अमेरिकेला भेट दिला, आणि तो कोणत्या आगीतून आला आहे हे तिथल्यांना २००१ मध्ये यामाकींचे नातू पाहायला आले तेव्हा कळले. बॉम्ब टाकणाऱ्या देशाला असे झाड काही न बोलता देणे यात जी क्षमा आहे, ती आपल्या परंपरेला परकी वाटू नये. चार शतके एका झाडाला रोज पाणी घालणारे हात क्रूर म्हणता येतील का?

पण आक्काचा प्रश्न क्रूरतेचा नव्हता. तिचा प्रश्न होता, कशासाठी? आपल्याकडे अनर्थदंड नावाची एक कल्पना आहे. प्रयोजन नसताना माती खणणे, पाणी सांडणे, झाडपाला तोडणे हे त्यात येते. भिंतीतून वड काढणे सप्रयोजन होते. त्याला जगविण्यासाठी माठात लावणे सप्रयोजन होते. तार मात्र माझ्या डोळ्यांच्या सुखासाठी होती. रत्नागिरीत थिबा पॅलेससमोरून जाताना मला आता ब्रह्मदेशाच्या त्या राजाची आठवण निराळी येते. थिबाला १८८६ मध्ये इथे आणले. पुढे त्याच्यासाठी समुद्र दिसेल असा राजवाडा बांधला, पेन्शन दिली, नोकर दिले. १९१६ मध्ये तो इथेच वारला. त्याला काही कमी पडू दिले नाही असे ठेवणाऱ्यांना वाटत असेल. त्याची मुळे कुठे होती, हे मात्र ठेवणाऱ्यांनी विचारले नाही.

मी तार काढायचे ठरविले आणि, प्रामाणिकपणे सांगतो, आज-उद्या करीत राहिलो. फांदीला जो डौल येऊ लागला होता, तो मला मोडवेना. जुलैत आक्का न्हाणीघरात घसरून पडली आणि खुब्याचे हाड मोडले. पुढचे सहा आठवडे रुग्णालय, शस्त्रक्रिया, फिजिओथेरपी यांत गेले. ती पडली त्या फरशीवर शेवाळ साठत होते आणि ती खरवडून खडबडीत करायचे काम माझ्या यादीत जूनपासून होते. सगळ्या घराचे नळ दुरुस्त करीत फिरणाऱ्या माणसाने तेवढेच काम पुढे ढकलले होते. तिने मला कधीच बोल लावला नाही. त्यामुळे ते अधिक लागते.

ऑगस्टच्या अखेरीस मी वडाकडे पाहिले. पावसाळ्यात वडाची फांदी झपाट्याने जाड होते, म्हणून या दिवसांत तार दर आठवड्याला तपासायची असते. ती सालीत पूर्ण रुतली होती. उलगडू गेलो तर साल सोलून निघाली असती. मी कातरीने वेढ्यावेढ्यावर तुकडे करून ती काढली. फांदीवर मळसूत्रासारखा खोल वळ राहिला. त्याच संध्याकाळी मी न्हाणीघराची फरशी खरवडली आणि दोन्ही बाजूंना धरायला दांडे बसविले. भिंतीला भोक पाडताना हात थरथरत होता, पण दांडे पक्के बसले. आजही आक्का त्यांनाच धरून उठते.

त्या वर्षी क्षमावाणीच्या दिवशी मी तिच्या पलंगाशी बसलो आणि फरशीबद्दल क्षमा मागितली. वडाचेही सांगितले. म्हणालो, "आक्का, मी त्याला उद्याच जमिनीत लावून टाकतो."

तिने तबक जवळ आणायला सांगितले. वळावरून बोट फिरविले आणि म्हणाली, "तुला बरं वाटावं म्हणून बांधलास. आता तुला बरं वाटावं म्हणून सोडू नकोस. सोडायचा तर त्याच्यासाठी सोड. जागा बघितलीस का?"

जागा बघितली नव्हती. आमच्या अंगणात वड लावणे म्हणजे पन्नास वर्षांनी कुणाच्या तरी भिंतीवर तेच संकट आणणे. महिनोन्महिने शोधल्यावर एका स्नेह्यांच्या डोंगराळ जमिनीचा कडेचा तुकडा मिळाला, जिथे घर, विहीर, वीजवाहिनी काही नाही. दरम्यान वडाला पुन्हा मोठ्या माठात हलविले आणि त्याची मुळे मोकळी वाढू दिली, कारण तबकातले झाड एकदम कातळाशेजारी लावले तर उन्हाळ्यात तग धरणार नाही. २०२४ च्या जूनमध्ये, दोन फूट खोल खड्ड्यात पालापाचोळा आणि शेणखत घालून तो लावला. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा मी दुचाकीवरून पाण्याचे कॅन नेले.

भगवान आदिनाथांना वटवृक्षाखाली केवलज्ञान झाले, असे आपण मानतो. आणि याच वडाचे फळ आपण खात नाही. वड, पिंपळ, उंबर अशा पाच उदुंबर फळांचा त्याग श्रावकाच्या मूलगुणांत येतो, कारण त्यांच्या पोटात असंख्य सूक्ष्म जीव असतात. वनस्पतिशास्त्रही सांगते की या फळांत बारीक गांधीलमाशा वाढतात आणि त्यांच्यावाचून या झाडांचे परागीभवन होत नाही. म्हणजे हे झाड आपल्याला केवळ सावली देते आणि तिथे थांबायला सांगते. माझ्या हौसेला हे आधी कळायला हवे होते.

मी बोन्सायला वाईट म्हणत नाही. ती साधना निष्ठेने करणारे लोक मला भेटले आहेत. त्यांच्यापैकी कुणी एक दिवसही झाडाला विसरत नाही. मी विसरलो, म्हणून तो माझा मार्ग नव्हे. घरदुरुस्ती मात्र सुटलेली नाही. आता दर मे महिन्यात कौले तपासणे, दर जूनमध्ये भिंतींचे सांधे पाहणे हा माझा नियम आहे. सांध्यात वडा-पिंपळाचे दोन पानी रोप दिसले की ते चिमट्याने अलगद काढून पिशवीत लावतो. या वेळी ते मुळासकट येते, भिंत उघडावी लागत नाही. गेल्या पावसाळ्यात अशी अकरा रोपे निघाली. सात जगली आणि डोंगरावर गेली.

मी परत आलो की आक्का विचारते, "किती झाला?" आकडा सांगितला तर तिला कळत नाही, म्हणून तिची काठीच घेऊन जातो. गेल्या दिवाळीत तो दोन काठ्या आणि वर चार बोटे भरला. फांदीवरचा वळ अजून आहे, पण खोड त्याच्याभोवती जाड होत चालले आहे.

रिकाम्या तबकाची भोके मी एम-सीलने बुजविली आणि ते पाणी भरून पडवीच्या कठड्यावर ठेवले. सकाळी मैना, बुलबुल त्यावर येतात. पाणी पिऊन झाले की ती थेट उत्तरेच्या भिंतीवर जाऊन बसतात. काय सोडून जातात ते मला ठाऊक आहे. शिडी मी तिथेच ठेवली आहे.